रॅटमधलं टीएसएच मोजायचंय? मग रक्त काढायच्या क्षणापासून उलटं प्लॅनिंग करा

लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलामुलींना थायरॉइडचं काम मिळालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, टीएसएचचं किट कुठलं घ्यायचं? किट महत्त्वाचं आहेच, पण ते खूप नंतर येतं. टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून सुटून थायरॉइडला कामाला लावणारा हॉर्मोन, आणि तो असा आहे की गेल्या अर्ध्या तासात तुम्ही त्या जनावराशी कसे वागलात, खोली किती गार होती, सकाळचे दहा वाजले होते का दुपारचे तीन, त्याने काल रात्री पोटभर खाल्लं होतं का, हे सगळं त्या एका आकड्यात उतरतं. म्हणून मी नव्या मुलांना सांगते की आधी कागदावर रक्त काढायची वेळ लिहा आणि तिथून मागे मागे येत बाकीचा प्रयोग बसवा. खाली त्याच हिशोबाने पायऱ्या लिहिल्यात. मराठीत उंदीर म्हटलं की मोठा रॅट आणि छोटा माऊस दोन्ही एकच होऊन जातात आणि इथे तो फरक फार महत्त्वाचा आहे, म्हणून मी रॅट आणि माऊस असेच शब्द वापरणार आहे.

पायरी १: साखळी डोक्यात पक्की करा

वरून सुरुवात करू. हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागात, पॅराव्हेंट्रिक्युलर न्यूक्लिअस नावाचा भाग आहे, तिथल्या चेतापेशी टीआरएच बनवतात. टीआरएच म्हणजे फक्त तीन अमिनो आम्लांचा इवलासा रेणू. तो हायपोथॅलॅमसच्या तळाशी मीडियन एमिनन्समध्ये सुटतो, तिथून पोर्टल रक्तवाहिन्यांतून पिट्यूटरीच्या पुढच्या भागात पोचतो आणि थायरोट्रोफ पेशींना टीएसएच सोडायला लावतो. टीएसएच थायरॉइडला जाऊन टी४ आणि थोडं टी३ हे त्याचे हॉर्मोन बनवायला लावतं, आणि हे दोघं परत वर जाऊन टीआरएच आणि टीएसएच दोघांनाही दाबतात, यालाच फीडबॅक म्हणतात. इथपर्यंत बारावीचं पुस्तक.

या तीन अमिनो आम्लांच्या रेणूसाठी गियमँ आणि शॅली या दोन शास्त्रज्ञांच्या टीम्सनी वर्षानुवर्षं कत्तलखान्यातून मेंदूचे तुकडे आणले, गियमँनी मेंढ्यांचे आणि शॅलींनी डुकरांचे, लाखोंच्या संख्येत, आणि १९६९ मध्ये एकदाची रचना कळली. १९७७ चं नोबेल या दोघांना मिळालं आणि त्याच पारितोषिकात रोझलिन यॅलो यांचाही वाटा होता, रेडिओइम्युनोअसेच्या (अँटीबॉडी आणि किरणोत्सर्गी खूण वापरून हॉर्मोन मोजायच्या) पद्धतीसाठी, म्हणजे ज्या पद्धतीने पुढची कितीतरी वर्षं सगळ्यांनी टीएसएच मोजलं. मला ही जोडी फार आवडते, कारण हॉर्मोन सापडणं आणि तो मोजता येणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत.

आता पुस्तकात जे पटकन उरकतात ते. पिट्यूटरी रक्तातलं टी३ बघते तेवढंच नाही, ती रक्तातलं टी४ आत घेऊन स्वतःच त्याचं टी३ करते, टाइप २ डिआयोडिनेज नावाच्या एन्झाइमने. सिल्वा आणि लार्सन यांनी १९७७ मध्ये रॅटवर हे दाखवलं, आणि पिट्यूटरीच्या केंद्रकातलं साधारण निम्मं टी३ असं जागच्या जागी तयार झालेलं असतं. हे समजलं की एक कोडं सुटतं. आयोडिन कमी पडलेल्या रॅटमध्ये रक्तातलं टी३ अगदी नॉर्मल असतं आणि तरी टीएसएच वाढलेलं असतं, कारण टी४ घसरलेलं असतं आणि पिट्यूटरीला ते लगेच जाणवतं. म्हणून फक्त टी३ मोजून "फीडबॅक ठीक आहे" असं कधीही लिहू नका.

टीएसएचला दाबणारे आणखी बरेच आहेत. सोमॅटोस्टॅटिन दाबतं, रॅटला त्याच्याविरुद्धची अँटीबॉडी दिली की टीएसएच वर येतं. डोपामिन दाबतं, कॉर्टिकोस्टेरॉन हा ताणाचा हॉर्मोन दाबतो. उलट बाजूला चरबीतून येणारं लेप्टिन आहे, ते टीआरएचच्या पेशींना चालू ठेवतं आणि उपाशी ठेवलं की लेप्टिन पडतं, मग टीआरएच पडतं, मग खालचं सगळंच. इन्फेक्शन झालं तर अजून एक वेगळी वाट आहे: हायपोथॅलॅमसच्या तळाशी टॅनीसाइट नावाच्या पेशी असतात, त्यांच्यात टाइप २ डिआयोडिनेज वाढतं, तिथल्या तिथे टी३ जास्त तयार होतं असं दिसतं आणि टीआरएच दबतं. रक्तातलं टी४ कमी आणि तरी टीएसएच वर नाही, असं चित्र दिसलं तर हे आठवा.

पायरी २: जनावर निवडा

नवीन असाल तर नर रॅट घ्या, विस्टार किंवा स्प्रॅग-डॉली, साधारण २०० ते २५० ग्रॅमचे. रॅटचं रक्त पुरेसं मिळतं, शस्त्रक्रिया सोपी पडते आणि जुना डेटा भरपूर आहे. नर आणि मादी एकाच ग्रुपमध्ये मिसळू नका, नर रॅटचं टीएसएच मादीपेक्षा जास्त असतं आणि शिवाय इस्ट्रोजेनमुळे पिट्यूटरीवरचे टीआरएचचे रिसेप्टर वाढतात, म्हणजे टीआरएच दिल्यावरचा प्रतिसादही बदलतो. मादी घेऊ नका असं मी म्हणत नाहीये हं, दोन्ही घ्या, पण वेगवेगळे ग्रुप करून.

माऊस तेव्हाच घ्या जेव्हा तुमचा प्रश्न जीनबद्दल आहे. आणि पक्षी किंवा बेडकाच्या टॅडपोलवर काम करायचं असेल तर सगळी साखळी पुन्हा वाचा, कारण कोंबडीच्या पिल्लात सीआरएच हा हायपोथॅलॅमसचा ताणाशी जोडलेला हॉर्मोनसुद्धा टीएसएचला जोरात सोडायला लावतं आणि टॅडपोलमध्ये तर टीआरएच त्या कामाचं जवळपास नाहीच, तिथे सीआरएचच मुख्य. सस्तन प्राण्यांचं पाठ केलेलं तिथे चिकटवलं की चुकलंच.

माणसाशी तुलना करायची घाई पण नको. प्रौढ रॅटमध्ये टी४ घट्ट धरून ठेवणारं टीबीजी हे प्रोटीन जवळपास नसतं, ट्रान्सथायरेटिन आणि अल्ब्युमिनवर काम चालतं, त्यामुळे टी४ ची हाफ-लाइफ रॅटमध्ये १२ ते २४ तास आणि माणसात साधारण आठवडा. म्हणजे रॅटचा थायरॉइड कायम धावपळीत असतो आणि टीएसएचने त्याला सतत ढकलावं लागतं. फिनोबार्बिटॉलसारखं औषध लिव्हरची एन्झाइम्स वाढवतं, टी४ भराभर बाहेर पडतं, टीएसएच वर चढतं आणि महिनोन्महिने तसंच राहिलं तर रॅटच्या थायरॉइडमध्ये गाठी येतात. औषधांच्या सुरक्षा चाचण्यांत हे नेहमी दिसतं आणि म्हणूनच तो निकाल सरळ माणसावर लावत नाहीत.

पायरी ३: परवानगी

भारतात काम करत असाल तर तुमच्या संस्थेच्या आयएईसीकडे, म्हणजे प्राणी-नीती समितीकडे, फॉर्म बी भरायचाय. तिच्या वरच्या राष्ट्रीय समितीचं जुनं नाव सीपीसीएसईए, आता सीसीएसईए. फॉर्ममध्ये किती जनावरं आणि का, हा रकाना मनापासून भरा. टीएसएचचे आकडे जनावरागणिक खूप वरखाली असतात, एका ग्रुपला चार जनावरं घेऊन काहीच सिद्ध होत नाही, आणि ज्या प्रयोगातून काहीच कळणार नाही त्यात चार जीव घालवणं हे आठ घालवण्यापेक्षा वाईट. थायरॉइड काढणार असाल, गार खोलीत ठेवणार असाल, उपाशी ठेवणार असाल, तर किती वेळ आणि कुठल्या लक्षणावर थांबणार तेही आधीच लिहा.

पायरी ४: अ‍ॅनिमल हाऊसमधले दोन आठवडे

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि माझ्या मते निम्मा प्रयोग इथेच ठरतो. जनावरं आली की निदान एक-दोन आठवडे तिथे रुळू द्या. बारा तास उजेड बारा तास अंधार, दिवे टायमरवर, आणि टायमर खरंच चालतोय का ते स्वतः जाऊन बघा. तापमान २२ ते २४ च्या आसपास स्थिर पाहिजे. रॅटला ४-५ अंशाला ठेवलं तर अर्ध्या तासाच्या आत टीएसएच वर जातं, आणि हे टीआरएचमुळेच होतं कारण टीआरएचविरुद्धची अँटीबॉडी आधी दिली तर ती वाढ दिसत नाही. इतकं संवेदनशील प्रकरण आहे म्हटल्यावर एसीच्या थेट झोतात ठेवलेला एक केज आणि कोपऱ्यातला एक केज यांना एकसारखं कसं धरणार? केजच्या जागा अधूनमधून बदला.

खाण्याचं म्हणाल तर एकच बॅच पुरेल इतकी आधीच मागवा. सोयाबीन जास्त असलेलं खाणं थायरॉइड पेरॉक्सिडेजला (थायरॉइडचे हॉर्मोन बनवणाऱ्या एन्झाइमला) अडवू शकतं, आणि आयोडिन किती आहे ते बॅचप्रमाणे बदलू शकतं.

आणि हाताळणी. ताण आला की रॅटचं टीएसएच खाली येतं. म्हणून रोज पाच मिनिटं प्रत्येक जनावराला हातात घ्यायचं, वजन करायचं, ज्या टेबलावर शेवटी काम करणार त्याच टेबलावर न्यायचं, आणि इंजेक्शन द्यायचं असेल तर आठवडाभर आधीपासून नुसत्या सलाइनची सवय लावायची. हे काम अटेंडंट काकांवर सोडू नका, शेवटच्या दिवशी ज्याचा हात असणार आहे त्याचाच हात पहिल्या दिवसापासून असू दे.

पायरी ५: साखळी हलवायची कशी

जनावर हायपोथायरॉइड (थोडक्यात हायपो, म्हणजे थायरॉइड हॉर्मोन कमी असलेलं) करायचं तर सगळ्यात सोपं म्हणजे पिण्याच्या पाण्यात औषध. मेथिमाझोल ०.०२ ते ०.०५ टक्के, किंवा पीटीयू (प्रोपिलथायोयुरासिल) ०.०५ टक्के. दोन्ही थायरॉइड पेरॉक्सिडेजला थांबवतात, पण पीटीयू टाइप १ डिआयोडिनेजलाही थांबवतं, म्हणजे लिव्हरमधलं टी४ चं टी३ होणंही कमी होतं. तुम्हाला फक्त थायरॉइड बंद करायचाय तर मेथिमाझोल घ्या, नाहीतर नंतर टी३ च्या आकड्याचा अर्थ लावताना डोकं धराल. माऊस जास्त चिवट असतो, त्यात मेथिमाझोलच्या जोडीला १ टक्का पर्क्लोरेट घालतात जे आयोडिन आतच जाऊ देत नाही. पाणी कडू लागतं म्हणून जनावर कमी पितं, थोडं सॅकरिन घाला आणि कंट्रोल ग्रुपच्या पाण्यातही तेवढंच घाला, आणि रोज बाटली मोजा. थायरॉइडमध्ये आधीचा साठा असतो त्यामुळे दोन-तीन आठवडे लागतात. तोपर्यंत वजनाचा तक्ता बघत राहा, वाढत्या वयाचा रॅट हायपो झाला की त्याचं वजन वाढायचं थांबतं, ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे.

शस्त्रक्रियेने थायरॉइड काढला तर पॅराथायरॉइडही जातात, कॅल्शियम घसरतं, म्हणून पाण्यात कॅल्शियम द्यायलाच पाहिजे, साधारण १ टक्का कॅल्शियम लॅक्टेट चालतं. ते विसरलं तर जनावरं आकडी येऊन मरतात.

परत टी४ देऊन नॉर्मल करायचं असेल तर इथे थोडं थांबा. माद्रिदच्या एस्कोबार-मोरेआले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ आणि १९९६ मध्ये थायरॉइड काढलेल्या रॅटना सतत थेंबथेंब टी४ देऊन बघितलं, वेगवेगळे डोस, आणि एकट्या टी४ च्या कुठल्याच डोसने सगळ्या अवयवांतलं टी३ आणि टी४ एकदम नॉर्मल झालं नाही. दर १०० ग्रॅम वजनाला रोज ०.९ मायक्रोग्रॅम टी४ आणि ०.१५ मायक्रोग्रॅम टी३ असं मिळून दिलं तेव्हा ते जमलं. म्हणजे टीएसएच नॉर्मल दिसलं तरी लिव्हर आणि बाकीचे अवयव नॉर्मल आहेतच असं नाही. रिप्लेसमेंट ग्रुप ठेवणार असाल तर "टीएसएच आलं जागेवर" एवढ्यावर समाधान मानू नका.

पिट्यूटरीची ताकद बघायची तर टीआरएच टेस्ट. मानेच्या शिरेत काही दिवस आधी कॅथेटर बसवायचा, जनावर जागं आणि शांत असताना टीआरएच द्यायचं आणि ०, १०, २०, ६० मिनिटांना थोडं थोडं रक्त घ्यायचं. टीएसएचचं शिखर १०-१५ मिनिटांतच येऊन जातं, टीआरएच स्वतः रक्तात काही मिनिटंच टिकतं, त्यामुळे पहिलंच सॅम्पल अर्ध्या तासाने घेतलं तर डोंगर उतरून झालेला असतो. हायपो जनावरात प्रतिसाद मोठा येतो आणि टी४ जास्त दिलेल्यात दबलेला येतो. एक उपयोगी गोष्ट, टीआरएच पिट्यूटरीला प्रोलॅक्टिन हा दुसरा हॉर्मोनही सोडायला लावतं, त्यामुळे टीएसएच हललं नाही पण प्रोलॅक्टिन वर गेलं तर निदान इंजेक्शन शिरेत नीट गेलं होतं एवढं कळतं.

उपवासाचा प्रयोग करणार असाल तर रॅट आणि माऊसचे तास एकसारखे ठेवू नका, माऊसला ४८ तास म्हणजे फार मोठा उपवास झाला, त्याचं वजन भराभर उतरतं.

पिट्यूटरीच्या पेशी डिशमध्ये वाढवून हायपोथॅलॅमस बाजूला ठेवायचा असेल तर मीडियममधलं सिरम चारकोलने साफ केलेलं घ्या. साध्या सिरममध्ये टी४ आणि टी३ असतंच, आणि मग तुमच्या पेशी आधीपासूनच दबलेल्या असतात.

पायरी ६: रक्त काढायचा दिवस

रॅट निशाचर आहे, आणि त्याचं टीएसएच उजेडाच्या काळात, दुपारच्या सुमारास जास्त आणि रात्री कमी असतं. माणसात उलट, रात्री वर. त्यामुळे सगळी सॅम्पल्स दीड-दोन तासांच्या एकाच खिडकीत बसली पाहिजेत, आणि त्या खिडकीतसुद्धा ग्रुप मिसळून. एक कंट्रोल, एक ट्रीटमेंट, एक कंट्रोल, असं. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा आणि भिंतीवर लावा.

हे मी जोर देऊन सांगतेय कारण माझ्या पहिल्या मोठ्या प्रयोगात मी सोयीसाठी आधी कंट्रोलचे सगळे १२ संपवले, मग जेवायला गेलो आम्ही, मग ट्रीटमेंटचे १२. फरक इतका छान आला होता की मी आनंदाने ग्राफ काढून गाईडना दाखवला, त्यांनी फक्त वेळा विचारल्या आणि मी गप्प झाले. २४ जनावरं गेली आणि त्यातून एकही वाक्य लिहिता आलं नाही. ते अजूनही मनाला लागून राहिलंय, आणि म्हणून हा लेख.

त्या दिवशी जनावरं आदल्या रात्रीच त्या खोलीत नेऊन ठेवा, सकाळी ट्रॉलीवर खडखडत आणू नका. एकाचं काम चालू असताना बाकीचे त्याच खोलीत नकोत, वास आणि आवाज दोन्ही कळतात त्यांना. भूल द्यायची का हा वादाचा मुद्दा आहे. पेंटोबार्बिटॉलसारखी औषधं टीएसएचवर परिणाम करतात, म्हणून अनेक लॅब शिकलेल्या हातांनी, परवानगी घेऊन, भूल न देता झटपट डिकॅपिटेशन (शिरच्छेद) करतात. ते तुम्ही शिकलेला नसाल तर अजिबात हात घालू नका, अनुभवी माणसाला बोलवा. केज उघडल्यापासून रक्त मिळेपर्यंत मिनिटभराच्या आत, आणि प्रत्येक जनावराचा तो वेळ वहीत लिहा.

रक्त गोठू द्या, सेंट्रीफ्यूज करा, सिरमचे छोटे छोटे भाग करून लगेच उणे ८० ला. एकच मोठी ट्यूब ठेवली की प्रत्येक हॉर्मोनसाठी ती वितळवावी लागते. लालसर झालेलं सिरम वेगळं ठेवा. त्याच सॅम्पलमध्ये कॉर्टिकोस्टेरॉन जरूर मोजा, ते फार वर आलं असेल तर ते जनावर घाबरलेलं होतं आणि त्याच्या टीएसएचवर भरवसा ठेवताना दहादा विचार करा. थायरॉइड काढून तोलून ठेवा, टीएसएचने कित्येक आठवडे ढकललं असेल तर ग्रंथीचं वजन ते सांगतं, एका क्षणाचं रक्त ते सांगत नाही.

पायरी ७: आता किट

माणसाचं टीएसएच मोजायचं किट रॅटवर चालत नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये ओळख आहे म्हणून तिथल्या मशिनवर रॅटचं सिरम चालवून "०.०१ आलं" असं सांगणारे मी पाहिलेत, ते टीएसएच कमी असल्याचं लक्षण नाही, अँटीबॉडीने ओळखलंच नाही त्याचं लक्षण आहे. रॅटचं किंवा माऊसचं म्हणूनच बनवलेलं किट हवं. बराच काळ अमेरिकेतल्या एनआयडीडीके या सरकारी संशोधन संस्थेच्या हॉर्मोन प्रोग्रॅमचे रॅट टीएसएच स्टँडर्ड (तुलनेसाठीचे प्रमाण नमुने), आरपी-२ आणि आरपी-३, सगळीकडे वापरले गेले आणि आकडे त्या स्टँडर्डच्या नॅनोग्रॅममध्ये छापले गेले. स्टँडर्ड बदललं की आकडा बदलतो, त्यामुळे जुन्या पेपरमधला आकडा आणि तुमच्या एलायझाचा (अँटीबॉडीवर चालणाऱ्या प्लेटच्या किटचा) आकडा शेजारी शेजारी ठेवून भांडू नका, कंट्रोलच्या किती पट ते बघा. रेडिओइम्युनोअसे करणार असाल तर आयोडिन-१२५ लागतं, त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते.

किट आलं की आधी तीन सॅम्पल चालवा: मेथिमाझोल दिलेलं जनावर, नॉर्मल जनावर, आणि टी४ भरपूर दिलेलं जनावर. वर, मध्ये, खाली असं दिसलं तरच पुढे जा. मग एक वरचं सिरम पातळ करत करत चालवा, ते स्टँडर्ड कर्व्हला समांतर उतरलं पाहिजे. पातळ करताना टी४ दिलेल्या जनावराचं सिरम वापरलं तर उत्तम, कारण त्यात टीएसएच जवळपास नसतं पण बाकी सगळं असतं. सगळे ग्रुप एकाच प्लेटमध्ये, डुप्लिकेटमध्ये, म्हणजे प्रत्येक सॅम्पल दोनदा.

पायरी ८: आकडा वाचणं

टी४ कमी, टीएसएच जास्त: थायरॉइडमध्ये अडचण. टी४ कमी, टीएसएचही कमी किंवा नॉर्मल: वरचं बघा, उपवास, आजार, ताण, हायपोथॅलॅमस. इतकं सगळ्यांना येतं. पण १९९७ मध्ये यामादा आणि सहकाऱ्यांनी टीआरएचचा जीन काढलेले माऊस बनवले तेव्हा काय दिसलं बघा. सगळ्यांना वाटत होतं टीएसएच तळाला जाईल. टी४ कमी होतं, पण टीएसएच उलट थोडं वाढलेलं होतं, फक्त त्या टीएसएचची काम करायची ताकद कमी होती. टीएसएचवर साखरेच्या साखळ्या असतात, त्या नीट बसायला टीआरएच लागतं, आणि अँटीबॉडीला तो फरक दिसत नाही. म्हणजे किट सांगतं रेणू किती आहेत, ते काम किती करतात हे नाही सांगत. पुढे २००६ मध्ये टीआरएच आणि थायरॉइड हॉर्मोनचा बीटा रिसेप्टर दोन्ही काढलेले माऊस तपासले. एकटा बीटा रिसेप्टर नसेल तर टीएसएच आणि टी४ दोन्ही चढतात, पण टीआरएचही नसेल तर ती चढण दिसली नाही.

तेव्हा तुमच्या टेबलात टी४ आणि टीएसएचचं जुळत नसेल तर लगेच "आउटलायर" म्हणून काढू नका. आधी वहीतली वेळ बघा, मग कॉर्टिकोस्टेरॉन, मग वजनाचा तक्ता, मग थायरॉइडचं वजन. हे सगळं ठीक असेल तर पिट्यूटरीत टीएसएच-बीटाचं (टीएसएचच्या एका भागाचं) एमआरएनए मोजा, आणि सिरम उरलं असेल तर टीएसएच रिसेप्टर बसवलेल्या सीएचओ पेशींवर (डिशमध्ये वाढवलेल्या हॅमस्टरच्या पेशींवर) टाकून सायक्लिक एएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू किती वाढतो ते बघा, म्हणजे टीएसएच खरंच किती काम करतं ते कळेल. त्यासाठीच पायरी ६ मध्ये छोटे भाग करायला सांगितलं होतं. प्रत्येक जनावराची एक ट्यूब आणि पिट्यूटरीचा एक तुकडा हात न लावता ठेवा, आणि लेबल अल्कोहोलने पुसलं जाणार नाही अशा पेनने लिहा.